बेवारस पैशाचा फोन

"तुमच्या वडिलांचे ऐंशी हजार रुपये बँकेत बेवारस पडून आहेत, आज दावा केला नाही तर सरकारजमा होतील," असा फोन आला तर कोणाचाही जीव वरखाली होईल. कारण गोष्ट अशक्य नसते. आपल्या कर्जत तालुक्यातील माणसे पोटासाठी पुण्याला, पिंपरी-चिंचवडला, साखर कारखान्यांवर जात आली. जिथे नोकरी तिथे पगाराचे खाते. नोकरी सुटली, खाते राहिले. वडील वारले, पासबुक पत्र्याच्या पेटीत गेले. घरात नक्की कोणालाच ठाऊक नसते आणि भामट्याचे तिथेच फावते.

असा पैसा खरोखरच आहे. दहा वर्षे ज्या ठेवीला कोणी हात लावला नाही, ती रक्कम बँक रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत भरते. मार्च २०२४ अखेर या निधीत ७८,२१३ कोटी रुपये होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने 'आपकी पूंजी, आपका अधिकार' ही मोहीमही काढली. पण निधीत गेलेला पैसा बुडत नाही. खातेदाराला किंवा वारसाला तो नंतरही आपल्याच बँकेकडून मागता येतो. म्हणजे "आजच करा, नाहीतर गेले" हे बोलणे मुळातच खोटे.

भामटा आपले नाव, वडिलांचे नाव बरोबर सांगतो. त्यावर भुलू नये. नावे कुठूनही मिळतात. मग तो आधी दीड हजार 'फाईल चार्ज' मागतो. ते भरले की जीएसटी, मग आयकर. आपण भरत जातो, कारण आधीचे भरलेले सोडवत नाही. दुसरा प्रकार याहून वाईट. ओटीपी विचारतात, मोबाईलचा पडदा त्यांना दिसेल असे ॲप टाकायला लावतात, किंवा "पैसे जमा होण्यासाठी पिन टाका" म्हणतात. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. एवढे एक वाक्य घरातल्या प्रत्येकाकडून पाठ करून घ्यावे, म्हाताऱ्या आईकडूनही.

आता खरी वाट. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये 'उद्गम' हे संकेतस्थळ सुरू केले. त्यात नाव, बँक आणि पॅन, मतदार ओळखपत्र किंवा जन्मतारीख घालून शोध घेता येतो. पैसे लागत नाहीत. इथेही नोंदणीला ओटीपी येतो, पण तो आपण आपल्या हाताने घालायचा, फोनवर कोणाला सांगायचा नाही. शिकलेल्या मुलामुलींनी रविवारी तासभर वस्तीतल्या चार घरांसाठी हे काम करायला हरकत नाही. मात्र सगळ्या बँका त्यात नाहीत, आणि उद्गमवर पैसे मिळतही नाहीत. नुसता ठावठिकाणा कळतो. पुढे बँकेतच जावे लागते. पासबुक असेल तर ते, ओळखपत्र आणि वारस असाल तर मृत्यूचा दाखला न्यावा. बंद पडलेले खाते पुन्हा चालू करायला बँकेने पैसे घ्यायचे नाहीत, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश १ एप्रिल २०२४ पासून आहे. साहेब टोलवाटोलवी करू लागले तर अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. प्रॉव्हिडंट फंडाचेही तसेच. दाव्याला फी नाही, मध्ये दलालाची गरज नाही.

आणि पैसे गेलेच तर? लाजेपायी माणसे, विशेषतः आपल्या भगिनी, दोन-दोन दिवस घरात बोलत नाहीत. तेवढ्यात पैसा या खात्यातून त्या खात्यात पळतो. तेव्हा लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि आपल्या बँकेलाही कळवावे. पैसा वाटेतल्या खात्यात असला तर तिथेच अडवता येतो. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा, आलेले मेसेज पुसू नयेत आणि ते घेऊन पोलीस ठाण्यात जावे. काही दिवसांनी "तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो" असा फोन येईल. तोही त्यांचाच समजावा.