कोरड्या नदीचा आराखडा

नदीकाठच्या सुशोभीकरणाचा कोणताही आराखडा उघडला की मधोमध निळा पट्टा दिसतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना फरसबंदी, बाकडी, दिवे. आम्हा जतकरांना त्या निळ्या रंगाचेच कोडे पडते. आमच्याकडे पाऊस वर्षाला सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास आणि त्याचा मोठा भाग परतीचा. तो आला तर गावातला ओढा दोन दिवस दुथडी भरून वाहतो. न आला तर वर्षभर वाळू. अशा प्रवाहाचे पुनरुज्जीवन करायचे म्हणजे नेमके काय करायचे, हा या लेखाचा प्रश्न आहे.

एक उत्तर आहे बाहेरून पाणी आणण्याचे. दक्षिण कोरियातील सोल शहराने रस्त्याखाली गाडलेला चंग्येचन हा प्रवाह २००५ मध्ये पुन्हा उघडा केला. आज तिथे जे पाणी झुळझुळते ते मुख्यतः हान नदीतून पंपाने आणलेले आहे. जतला हे परवडणारे नाही. म्हैसाळ योजनेतून कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून या भागाकडे आणले जाते. त्यावर पहिला हक्क पिण्याचा आणि शेतीचा. ते शोभेसाठी ओढ्यात सोडा, असे इथे कोण म्हणेल?

दुसरे उत्तर सिंगापूरच्या बिशान उद्यानात मिळते. तिथला २.७ किलोमीटरचा सरळ काँक्रीटचा कालवा काढून २०१२ पर्यंत ३.२ किलोमीटरची वळणदार नदी तयार करण्यात आली. पाणी कमी असते तेव्हा लोक काठच्या गवतावर बसतात. पाऊस झाला की तेच गवत नदीचे पात्र होते. सिंगापूरला पावसाची ददात नाही, आपल्याला आहे. पण त्यातले तत्त्व आपल्या कामाचे आहे. त्यांनी नदीला जागा परत दिली. पाणी देणे आपल्या हातात नसले तरी जागा देणे आहे.

कोरडा ओढा रिकामा नसतो. वाळूच्या थरात ओल टिकते, झिरा खणला की पाणी लागते, काठच्या विहिरींना आधार मिळतो. तळाला काँक्रीट केले की हे मुरणे थांबते. दोन्ही बाजूंना उभ्या भिंती बांधल्या की पुराचा वेग वाढतो आणि संकट खालच्या वस्तीवर जाते. म्हणून उतरता मातीचा काठ, त्यावर करंज, निरगुडी, उंबर अशी माती धरणारी झाडे आणि पात्रात माजलेल्या वेड्या बाभळीची काढणी, एवढेही पुष्कळ झाले. मात्र सांडपाणी अडवल्याशिवाय यातले काहीच टिकणार नाही. वाळूत मुरणारे पाणी घाण असेल तर विहिरीत घाणच उतरेल.

आता लोकसहभाग. सभेत चार सूचना ऐकल्या की सहभाग झाला, असे मानण्याची पद्धत आहे. मला तो सर्वेक्षणाचाच भाग वाटतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली, हे आपल्याला ठाऊक आहे. कारण तिथे मोजपट्टी आहे आणि ४५ फूट ही धोक्याची पातळी ठरलेली आहे. मोठ्या नद्यांसाठी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखतात. गावातल्या ओढ्याला मोजपट्टी कुठून असणार? पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढले, हे काठावरच्या आज्जीला ठाऊक असते. झिरा कुठे लागतो हे मेंढपाळाला, आणि पाणी कधी फेसाळते हे धुणे धुणाऱ्या बाईला. त्यांच्यासोबत चालत, जमिनीवर रांगोळीने नकाशा काढत हे टिपावे लागते. जतमध्ये तर ते कन्नडमधूनही विचारावे लागते. ‘हळ्ळ’ म्हटल्यावर जी आठवण निघते ती ‘ओढा’ म्हटल्यावर निघेलच असे नाही.

याला आपल्याच जिल्ह्यात आधार आहे. खानापूर तालुक्यातील बळवडी येथे येरळा नदीवर १९८० च्या दशकात लोकांनी बळीराजा स्मृती धरण उभे केले. वाळूचा बेसुमार उपसा रोखायचा आणि मर्यादित वाळू विकून धरणाला पैसा उभा करायचा, असा तो विचार होता. पाण्याचा वाटा भूमिहीनांनाही मिळावा, हा त्यातला आग्रह. आराखड्याआधी वाटा ठरला, म्हणून लोक कामाला आले. पुण्यात विठ्ठलवाडीजवळ ‘जीवितनदी’चे स्वयंसेवक मुठेचा काठ दत्तक घेऊन काम करतात. तिथेही लोकांचे नदीकडे पुन्हा पुन्हा येणे, हाच कामाचा पाया आहे.

अवघड भाग पुढेच आहे. जागा परत द्यायची तर ती कोणाची? पूररेषेच्या आत गरिबाची झोपडी असते तशी ऐपतदाराची पक्की भिंतही असते. आराखडा फक्त झोपडी हलवणार असेल तर त्याला लोकसहभाग म्हणता येणार नाही. म्हणून रांगोळीच्या नकाशात दोन्ही दाखवायला हवीत, सर्वांच्या देखत.

सुरुवात लहान असावी. शंभर मीटरचा एक तुकडा घ्यावा, एक पावसाळा त्याकडे पाहावे, चुका दुरुस्त कराव्यात आणि मगच पुढे सरकावे. परतीचा पाऊस नुकताच होऊन गेलेला असतो, तेव्हा दिवाळी ते मार्गशीर्षातली यल्लम्मादेवीची यात्रा हा काळ पाहणीला उत्तम. ओल कुठे टिकली आहे आणि कुठे आटली आहे, ते तेव्हा उघड्या डोळ्यांनी दिसते. यंदाच्या फराळानंतर शेजाऱ्यापाजाऱ्यांना घेऊन एकदा ओढ्यातून चालून यावे. सोबत रांगोळीचा डबा असू द्यावा.