आधी ताट, मग चार्ट!

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला ‘न्यूट्रिशन’चं पुस्तक बघून जांभई आली? थांबा! या विषयात बोटी आहेत, माकडं आहेत, मुंबईच्या कापड गिरण्याही आहेत. चला, सुटूया सुसाट!

‘सिस्टर, सलाईन लावा, अंगात ताकद येईल!’ वॉर्डात हे रोज ऐकाल. पण साध्या नॉर्मल सलाईनमध्ये कॅलरी किती, माहीत आहे का? शून्य! पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या 500 मिलीच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर, म्हणजे जेमतेम 85 कॅलरी. एक ज्वारीची भाकरी तिला आरामात मागे टाकते. सलाईन पाणी आणि क्षार भरून काढतं. ताकद येते ती ताटातून!

लगे हाथ पाठ करून टाका : एका ग्रॅम कर्बोदकांतून साधारण 4 कॅलरी, प्रथिनांतून 4, स्निग्धातून थेट 9. आणि दारूतून? 7! पोषण मात्र निल बटे सन्नाटा.

1747 साल. ‘सॅलिसबरी’ या ब्रिटिश जहाजावर खलाशांना स्कर्व्ही झालेला. डॉक्टर जेम्स लिंडने 12 जणांच्या सहा जोड्या केल्या. कुणाला व्हिनेगर, कुणाला सायडर, एका जोडीला तर चक्क समुद्राचं पाणी! संत्री-लिंबं मिळालेली जोडी काही दिवसांतच टुणटुणीत. तरी ब्रिटिश नौदलात लिंबाचा रस सर्रास मिळू लागला तो 1795 मध्ये. लिंबू तेच, पण निर्णय पिळून निघायला 48 वर्षं!

आता आपल्या मुंबईची गोष्ट. ही जरा सावकाश वाचा, कारण ती कुठल्याही मेडिकल थ्रिलरला भारी आहे.

1928 मध्ये लुसी विल्स नावाची इंग्लिश डॉक्टर मुंबईत आली. गिरणी कामगार वस्तीतल्या गरोदर बायकांमध्ये एक भयंकर ॲनिमिया दिसत होता. तांबड्या पेशी कमी, पण आकाराने मोठ्या. लुसीबाई या बायकांच्या ताटापर्यंत पोहोचल्या. कोण काय खातं, काय खायला मिळतच नाही, याचा शोध सुरू झाला. प्रयोगशाळेत आधी उंदीर झाले, मग माकडं. आणि एका आजारी माकडाला तरतरी आली कशाने, माहीत आहे का? मार्माइटने! होय, ब्रेडला फासायचं ते यीस्टचं काळं, खारट चाटण. तेच बायकांना दिलं, रक्त सुधारलं. 1931 मध्ये निष्कर्ष छापून आला. त्या अज्ञात घटकाला ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले. आज आपण त्याला फोलेट म्हणून ओळखतो. म्हणजे गरोदर बाईच्या हातावर तुम्ही लोह-फोलिक ॲसिडची गोळी ठेवता ना, तिची एक मुळी मुंबईत रुजलेली आहे!

त्या गोळ्यांचेही रंग ठरलेले : 5 ते 9 वर्षांच्या मुलांना गुलाबी, किशोरवयीनांना निळी, गरोदर बाईला लाल. आणि गोळीवर लगेच चहा? नो, नो! चहातलं टॅनिन लोहाला शरीरात शिरू देत नाही. लिंबूपाणी मात्र त्याच्यासाठी दार सताड उघडतं.

1971. बांगलादेशच्या निर्वासितांनी भरलेली बनगावची छावणी. कॉलराचं थैमान आणि सलाईनचा साठा संपत आलेला. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून पाजायला सुरुवात केली. हेच ते ओआरएस! मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली! गुपित काय? आतड्यात सोडियम आणि ग्लुकोजला कपल एंट्री असते. जोडीने आत शिरतात आणि मागोमाग पाणी. ओआरएसमधलं मीठ खाल्ल्या साखरेला जागतं!

कुपोषण ओळखायला भारी मशीन लागतं? छे! एक रंगीत पट्टी पुरते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, की लाल सिग्नल : तीव्र कुपोषण. अंगणवाडी सेविकेच्या हातातली ही पट्टी जीव वाचवते. तिला मनापासून सॅल्यूट!

आता धक्का. बरेच दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपेट वाढणं जीवघेणं ठरू शकतं, माहीत आहे का? साखर पोहोचताच इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फेट पेशींत ओढलं जातं आणि हृदयाची लय बिघडू शकते. याचं नाव रीफीडिंग सिंड्रोम. म्हणून सुरुवात थोड्याने, रक्ताच्या रिपोर्टवर डोळा ठेवून.

फटाफट तीन! नाचणीत 100 ग्रॅमला सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम, दुधाच्या जवळपास तिप्पट. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर, म्हणून किडनीच्या पेशंटला नातेवाइकांनी प्रेमाने आणलेलं शहाळं आधी डॉक्टरांना दाखवा. आणि बाळंतिणीचा पहिला पिवळसर चीक टाकून द्यायचा नाही म्हणजे नाही! त्यात रोगाशी लढणाऱ्या अँटीबॉडीज ठासून भरलेल्या. चीक प्यायलेल्या बाळाची चिकाटीच वेगळी!

वॉर्डातून जाताना फ्लोरेन्स नाइटिंगेल यांचा एक नियम घेऊन जा. 1859 च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये त्यांनी पेशंटच्या आहारावर दोन प्रकरणं लिहिली. न खाल्लेलं ताट ‘नंतर खाईल’ म्हणून उशाशी ठेवायला त्यांची सक्त मनाई! ताट वेळेवर आणायचं आणि वेळेवर उचलायचं.

अरे हो, रक्त पातळ करणारी वॉरफरिन घेणाऱ्या पेशंटला हिरवी पालेभाजी पूर्ण बंद करायची का? मुळीच नाही. पालेभाजीतलं व्हिटॅमिन के एकदम वाढलं किंवा एकदम घटलं, की औषधाचं गणित बिघडतं. प्रमाण रोज साधारण सारखं ठेवा, मग पालकांची काळजी नको. ताटातल्या पालकांची हं!