नवा द्रुतमार्ग की जुना रूळ ?

मुंबईहून नागपूरपर्यंत द्रुतगती रेल्वे, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील ‘बुलेट ट्रेन’, बांधावी व ती जालन्यावरून न्यावी, अशी योजना पुढे आलेली आहे. कुंडलिकेच्या दोन्ही तीरांवर वसलेल्या जुन्या व नवीन जालन्यास ही वार्ता गोड वाटावी यात नवल नाही. परंतु पैसा प्रथम कोठे खर्चावा, हा प्रश्न हिशेबानेच सोडविला पाहिजे.

मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग निजामाच्या राजवटीत १९०० च्या सुमारास मीटर गेजवर झाला. १९९० नंतरच्या दशकात तो रुंद झाला. पुढे विजेच्या ताराही आल्या. तथापि जालन्याकडील मार्ग एकेरीच राहिला. एकेरी मार्गावर समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्या केवळ स्थानकातच एकमेकींस ओलांडू शकतात. एक जाईपर्यंत दुसरीस बाजूच्या रुळावर थांबावे लागते. यासच उतारू ‘क्रॉसिंग’ म्हणतात. एकीस उशीर झाला की तिच्यापायी दुसरी खोळंबते व दुसरीपायी तिसरी.

३० डिसेंबर २०२३ रोजी जालना–मुंबई ‘वंदे भारत’ गाडी सुरू झाली. ताशी १६० किलोमीटर धावण्याची तिची शक्ती. पण सुमारे ४३५ किलोमीटरांस तिला जवळजवळ सात तास लागू लागले, म्हणजे सरासरी ताशी ६२ किलोमीटर. मनमाडपुढील गर्दीचा व कसाऱ्याच्या घाटाचाही यात वाटा आहेच. परंतु वाट मोकळी नसेल, तर गाडीच्या चपळाईचा उपयोग तो काय ?

आता खर्चाकडे वळले पाहिजे. मुंबई–अहमदाबाद द्रुतमार्ग ५०८ किलोमीटरांचा असून त्याचा मूळ अंदाज सुमारे १,०८,००० कोटी रुपयांचा होता. म्हणजे किलोमीटरमागे २१२ कोटी. उलटपक्षी, केंद्रीय मंत्रिमंडळाने ३१ जुलै २०२५ रोजी मंजूर केलेले छत्रपती संभाजीनगर–परभणी दुहेरीकरण १७७ किलोमीटरांचे असून त्यास सुमारे २,१७९ कोटी लागावयाचे आहेत. किलोमीटरमागे अवघे १२ कोटी. जालना याच मार्गावर आहे. ही दोन कामे एका जातीची नव्हेत, हे खरे. तरी सतरा पटींचे अंतर दुर्लक्षिण्याजोगे नाही.

शिवाय, मुंबई–अहमदाबाद द्रुतमार्गाच्या रुळांतील अंतर १,४३५ मिलिमीटर, तर देशातील रुंद रुळांचे १,६७६ मिलिमीटर. त्यामुळे अशी गाडी जुन्या रुळांवर उतरू शकत नाही व जुनी गाडी तिच्या मार्गावर चढू शकत नाही. द्रुतमार्ग हा मुख्यतः उतारूंचा. जालन्याची लोखंडी सळई व बी-बियाणे यांच्या वाहतुकीस त्याचा प्रत्यक्ष उपयोग नाही; दुसरा रूळ मात्र उतारू व माल या दोहोंच्याही कामी येतो.

द्रुतगती रेल्वेचे पुरस्कर्ते जपानकडे बोट दाखवितात. तेथे टोकियो–ओसाका हा ५१५ किलोमीटरांचा द्रुतमार्ग १ ऑक्टोबर १९६४ रोजी खुला झाला, ही गोष्ट खरी. परंतु त्यापूर्वीच तेथील जुना तोकाइदो मार्ग दुहेरी झालेला होता, १९५६ साली तो संपूर्णपणे विजेवर आला होता आणि तरीही वाहतुकीस अपुरा पडत होता. जपानने जुना मार्ग टाकून नवा धरला नाही. जुना पुरता वापरून मग नवा बांधला.

जालन्यानेही हाच क्रम धरावा. द्रुतमार्गाची आशा सोडण्याचे कारण नाही; त्याची आखणी व जमिनीची तजवीज खुशाल चालू राहावी. परंतु मनमाडपासून परभणीपर्यंत दुसरा रूळ पडून तोही अपुरा भासू लागेल, तेव्हाच त्या मोठ्या खर्चाची खरी वेळ येईल. तोवर उतारूंचा वेळ वाया जातो तो गाडी मंद धावते म्हणून नव्हे, तर ती उभी राहते म्हणून. आणि त्यावर उपाय दुसरा रूळ हाच आहे.