थार घेण्याआधीचा हिशेब

जालन्याच्या व्यापारी घरांत गेल्या वर्षभरापासून एक चर्चा वारंवार रंगते. नातू म्हणतो, थार घ्यायची. वडील विचारतात, दारात दोन गाड्या उभ्या असताना तिसरी कशाला? आजोबांना मात्र त्या गाडीत जुनी जीपच दिसते, आणि त्यांचे फारसे चुकत नाही. महिंद्रा समूहाची स्थापना १९४५ सालची. १९४७ पासून त्यांनी अमेरिकन विलीज जीपची जुळणी भारतात सुरू केली. मराठवाड्यातील व्यापाऱ्यांच्या एका पिढीने जिच्यातून वसुलीसाठी गावे पालथी घातली, त्या जीपच्याच घराण्यातील ही गाडी आहे. थार या नावाने ती २०१० मध्ये आली, २ ऑक्टोबर २०२० रोजी तिचे रूप पालटले आणि १५ ऑगस्ट २०२४ रोजी पाच दारांची 'थार रॉक्स' बाजारात उतरली. आरंभीची किंमत शोरूमची १२ लाख ९९ हजार रुपये होती. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी नोंदणी सुरू झाली, तेव्हा पहिल्या तासाभरात पावणेदोन लाखांहून अधिक नोंदी झाल्या. मोंढ्यात एका तासात एवढे सौदे झाले असते, तर लोकांनी आधी मालाची चौकशी केली असती!

गाडी चांगली की वाईट, हा येथे प्रश्न नाही. ती कोणाला आणि कशासाठी हवी, हा आहे. जालना जिल्ह्यापुरते बोलायचे, तर बियाणे, सळई, सरकी आणि मोसंबी या चार व्यवसायांपैकी ज्याला खरोखर शेतापर्यंत जावे लागते तो प्रामुख्याने बियाण्यांचा आणि मोसंबीचा व्यापारी. भोकरदन-जाफराबादकडचा चढउतार, अंबड-घनसावंगीकडील गोदाकाठची काळी जमीन आणि पावसाळ्यातील पाणंद रस्ते ज्याच्या रोजच्या वाटेवर आहेत, त्याला चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीचा उपयोग निःसंशय आहे. एमआयडीसीतील कारखाना ते शहरातील घर एवढाच ज्याचा प्रवास, त्याला तो नाही. शिवाय काळ्या मातीचा स्वभाव जाणकारांना ठाऊक आहे. चिखल टायरच्या खाचांत घट्ट बसला की टायर गुळगुळीत होतो. मग चार चाके फिरली काय आणि दोन फिरली काय, शेवटी दोर बांधून ट्रॅक्टरच ओढायला येतो.

येथेच एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. रस्त्यावर दिसणाऱ्या सर्वच थार चारही चाकांवर चालत नाहीत. रॉक्समध्ये ही सोय केवळ डिझेलच्या वरच्या प्रकारांत आहे. पेट्रोलची प्रत्येक रॉक्स मागच्या दोन चाकांवरच चालते. तीन दारांच्या थारमध्येही दीड लिटर डिझेल इंजिनाची स्वस्त गाडी दोनच चाकांची. दिसायला दोघी सारख्या, पण करात मोठा फरक. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. चार मीटरच्या आतील लांबी आणि डिझेलचे १५०० सीसीपर्यंतचे इंजिन असेल तर १८ टक्के. त्यापुढे ४० टक्के. तीन दारांची थार ३९८५ मिलिमीटर लांब आहे, म्हणून तिचा दीड लिटरचा प्रकार १८ टक्क्यांत बसतो. तिचाच चार चाकांचा, मोठ्या इंजिनाचा प्रकार आणि संपूर्ण रॉक्स ४० टक्क्यांत मोडतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुधारित तीन दारांची थार ९ लाख ९९ हजारांपासून आली, त्यामागे कराचा हा हिशेब आहे. विम्याचेही तसेच. १५०० सीसीच्या वर गेले की त्रयस्थ पक्षाच्या विम्याचा हप्ता दुपटीहून अधिक होतो. जो चिखलात कधी उतरणार नाही, त्याने केवळ छातीवरील बिल्ल्यासाठी हा भार का उचलावा?

यानंतर येतो पेढीतील नेहमीचा उपाय: 'गाडी फर्मच्या नावावर घेऊ, जीएसटी वळता होईल.' तो होत नाही. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार चालकासह तेरा माणसांपर्यंतच्या प्रवासी वाहनावर भरलेल्या कराचे इनपुट क्रेडिट मिळत नाही. वाहनविक्री, प्रवासी वाहतूक किंवा वाहन चालवण्याचे प्रशिक्षण हाच धंदा असेल तर गोष्ट निराळी. अशा गाडीच्या विम्यावर आणि दुरुस्तीवर भरलेल्या करालाही हेच बंधन लागू आहे. मालवाहू पिकअप घेतला तर मात्र क्रेडिट मिळते. मोसंबीच्या बागेवर जाण्यासाठीच गाडी हवी असेल, तर पिकअपचा विचार आधी व्हावा. पण तो लग्नाच्या वरातीत शोभत नाही, हे खरे. कंपनीच्या नावावर गाडी नोंदवली तर महाराष्ट्रात वाहनकरही व्यक्तीपेक्षा जास्त लागतो. दहा लाखांवरील गाडीवर विक्रेता एक टक्का टीसीएस घेतो. तो खर्च नव्हे. ज्याच्या पॅनवर जमा होईल त्याला विवरणपत्रात परत मागता येतो. म्हणून ज्याला विवरणपत्र भरण्याइतके उत्पन्नच नाही अशा मुलाच्या नावावर गाडी घेताना दोनदा विचार करावा.

फर्मला मिळणारा खरा लाभ घसाऱ्याचा, आणि तेथे मुहूर्त पाहावा लागतो. मोटारीवर आयकरात वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो. पण त्या आर्थिक वर्षात ती १८० दिवसांहून कमी वापरात असेल तर निम्माच. २०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला होता, लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला. दसऱ्याला घेऊन त्याच दिवसापासून वापरलेल्या गाडीचे ३१ मार्चपर्यंत १८१ दिवस भरतात, लक्ष्मीपूजनाला घेतलेलीचे भरत नाहीत. पंधरा लाखांच्या गाडीवर सव्वादोन लाखांऐवजी एक लाख साडेबारा हजार! उरलेला घसारा पुढील वर्षांत मिळतो, बुडत नाही; तरी पंचांग पाहणाऱ्यांनी हे दिवसही मोजावेत. आणि गाडी प्रामुख्याने घरच्यांसाठी फिरत असेल, तर आयकर अधिकारी खासगी वापराचा हिस्सा नाकारू शकतो. लॉगबुक ठेवणारी पेढी जालन्यात क्वचितच आढळेल.

कर्जाबाबत मात्र अधिक काळजी हवी. पंधरा लाखांचे कर्ज ९ टक्के दराने सात वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे २४,१३४ रुपये आणि एकूण व्याज सुमारे ५ लाख २७ हजार. हेच पाच वर्षांत फेडले तर हप्ता सुमारे ३१,१३८ रुपये, पण व्याज ३ लाख ६८ हजारांच्या आसपास. सात हजार रुपयांनी हलका वाटणारा हप्ता अखेरीस एक लाख एकोणसाठ हजार रुपये अधिक घेतो. याहून घातक मार्ग म्हणजे सीसी खात्यातून गाडीचे पैसे देणे. खेळत्या भांडवलाची ही मर्यादा माल आणि उधारीवर आधारलेली असते. कापसाच्या हंगामाच्या तोंडावर तीच रक्कम चाकांत अडकली की खरेदीला पैसा कमी पडतो, आणि बँकेच्या तपासणीत हा निधी अन्यत्र वळवल्याचा शेरा येतो. पुढच्या वर्षी मर्यादा वाढवून मागताना तो शेरा आडवा येतो. रोख शिल्लक असेल तर निम्म्याहून अधिक रक्कम आधी भरावी आणि बाकीचे वाहनकर्ज वेगळ्या खात्यावर घ्यावे.

घरातील माणसांचा विचारही तितकाच महत्त्वाचा. तीन दारांच्या थारमध्ये चारच जण बसतात, आणि मागे बसायचे तर पुढची सीट दुमडून आत शिरावे लागते. गुडघेदुखी असलेल्या आजीला ते जमणार नाही. रॉक्समध्ये मागे स्वतंत्र दारे आहेत, पाच जण बसतात. तरी पायरी उंचच. सुरक्षिततेत रॉक्स सरस आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिला भारत एनसीएपीच्या चाचणीत पाच तारे मिळाले आणि सहा एअरबॅग सर्व प्रकारांत आहेत. तीन दारांच्या गाडीला २०२० मध्ये ग्लोबल एनसीएपीचे चार तारे मिळाले होते. जालन्याजवळून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. उंच गाडी त्या वेगात छोट्या मोटारीसारखी वळत नाही, हे तरुण चालकाच्या कानी घालायला हवे. आसनांना खरे चामडे नाही, त्यामुळे अनेक घरांतील एक शंका मिटते. रॉक्सचे आतील अस्तर आरंभी फिक्या पांढऱ्या रंगाचे होते. जालन्याच्या धुळीत ते किती दिवस पांढरे राहील, याचा विचार खरेदीआधीच करावा.

रोज सकाळी चौदा नियम धारण करणाऱ्या घरांत 'वाहन' हाही एक नियम असतो. दिवसभरात किती वाहने वापरायची, याची मर्यादा स्वतःच घालायची. तिसरी गाडी दारात आणताना पहिल्या दोहोंपैकी एक विकायची का, हा प्रश्न त्या घरात आपोआपच निघेल, आणि शोरूमला जाण्यापूर्वीच तो सुटलेला बरा. जुन्या गाडीची किंमतही हातात आल्याने कर्जाची रक्कम घटते.

चाचणीसाठी गाडी मागवाल तेव्हा शोरूमच्या गुळगुळीत रस्त्यावर एक फेरी मारून परतू नये. मंठा किंवा परतूरच्या बाजूला ज्या वाटेने खरोखर जावे लागते तिथे ती न्यावी, आजीला मागच्या आसनावर बसवावे आणि चार चाकांचा प्रकार असेल तर विक्रेत्याला लो गिअर टाकून दाखवायला सांगावे.