फाल्गुनातलं करडू आणि देवनारचा बाजार



चेंबूर म्हटलं की आपल्या भागातल्या शेतकऱ्याला आधी सुफला आठवतो. राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा तुर्भ्याचा कारखाना चेंबुरातच आहे आणि 15:15:15 ची गोणी तिथूनच आपल्या बांधावर येते. पण चेंबूरशी आपला आणखी एक व्यवहार आहे, तो सहसा कुणी बोलून दाखवत नाही. चेंबूरला लागून देवनार आहे. मुंबई महानगरपालिकेचा वांद्र्याचा कत्तलखाना 1971 साली देवनारला आला, आणि तेव्हापासून मुंबईचा शेळ्या-मेंढ्यांचा मोठा बाजार तिथंच भरतो. बकरी ईदेच्या आधीच्या पंधरवड्यात तिथं लाखाच्या वर बकरे उतरतात. राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशातून ट्रक येतात, तसे आपल्याकडूनही जातात. खत तिकडून इकडं आणि बोकड इकडून तिकडं, असा हा देवघेवीचा रस्ता आहे.

ऊस विकास विभागानं शेळीवर लिहावं याचं काहींना नवल वाटेल. कारण सरळ आहे. आमचे चिटबॉय लागणीच्या नोंदी घ्यायला वस्तीवर जातात तेव्हा दर दुसऱ्या घरापुढं दोन-चार शेळ्या बांधलेल्या असतात. दीड-दोन एकरांच्या सभासदाला उसाचं बिल हप्त्यानं मिळतं. ते सोसायटीच्या कर्जाला, खताच्या उधारीला जातं. मुलीची परीक्षा फी, म्हातारीचं औषध, पाहुण्यांची उठबस हे सगळं भागतं ते शेळीवर. 2019 च्या पशुगणनेत महाराष्ट्रात एक कोटीच्या वर शेळ्या मोजल्या गेल्या. त्यातल्या बहुतेक अशाच दोन-चारच्या दावणीला आहेत. मोठे कळप थोडे.

आणि हे सगळं घडतं-बिघडतं ते फाल्गुन-चैत्रात. दसऱ्याच्या आसपास फळवलेली शेळी पाच महिन्यांनी, म्हणजे साधारण दीडशे दिवसांनी, शिमग्याच्या सुमारास विते. त्याच वेळी गाळप संपत आलेलं असतं, टोळ्या गावाकडं निघतात, सुरू उसाला युरियाचा हप्ता द्यायचा असतो, शाळू काढायचा असतो, पोरांच्या परीक्षा असतात. घरातल्या माणसाला मान वर करायला फुरसत नसते, आणि नेमकी तेव्हाच करडं जन्माला येतात.

आमच्या पाहण्यातलं एक घर घ्या. दोन एकर ऊस, चार उस्मानाबादी शेळ्या, काळ्याभोर, लोंबत्या कानांच्या. उस्मानाबादीला जुळं होणं ही नवलाई नाही, त्यामुळं चार शेळ्यांची सहा-सात करडं अंगणात असतात. पहाटे पाचला घरची बाई उठते. रात्री करडं डालग्याखाली झाकलेली असतात, ती आईसाठी ओरडायला लागलेली असतात. आधी करडांना पाजायचं, मग राहिलेलं चहापुरतं काढायचं, हा क्रम चांगल्या घरातला. बऱ्याच ठिकाणी उलटं चालतं. आधी चहा, मग करडू. जुळ्यातलं अशक्त करडू मागं पडतं ते तिथंच. सासूबाई उन्हाला बसून एकेका करडाचं पोट चाचपतात. रिकामं लागलं की त्याला पुन्हा सडाला लावतात. हे काम कुठल्याही डॉक्टरनं सांगितलेलं नाही, पण याच्याइतकी चांगली तपासणी दुसरी नाही. कारभारी रात्रीच्या लाईटवर पाणी धरून आलेला असतो, तो उशिरा उठतो. दहावीतली मुलगी पुस्तक घेऊन गोठ्याशी बसते, आणि करडं पुस्तकाची पानं खातात. हसू येतं, पण पुस्तक पुन्हा मिळत नाही.

पहिल्या दिवसाचं तेवढं नीट सांगतो. करडू जन्मलं की नाका-तोंडातला चिकट स्राव पुसावा. नाळ दोन बोटं ठेवून स्वच्छ दोऱ्यानं बांधावी, निर्जंतुक पात्यानं कापावी आणि टिंक्चर आयोडीन लावावं. शेण, माती, हळदीचे लेप लावू नयेत. अर्ध्या तासात, फार तर तासात, चीक पोटात गेला पाहिजे. वार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही अशी समजूत अजून काही घरांत आहे. ती करडाच्या जिवावर उठणारी आहे. वार पडायला काही तास लागतात, तेवढ्यात करडू गळून जातं. रोगाशी लढण्याची ताकद त्याला चिकातूनच मिळते आणि जन्मानंतर जितका उशीर होईल तितकी ती कमी मिळते. दोन किलोच्या करडाला दिवसभरात दोनशे मिलीच्या आसपास चीक तीन-चार वेळा विभागून मिळावा. वार ओढून काढू नये. बारा तासांत पडली नाही तर डॉक्टरांना बोलवावं.

दोन-तीन आठवड्यांनी करडं पाला चघळायला लागतात. तेव्हा शेवरी, हादगा, सुबाभूळ यांची जुडी त्यांच्या तोंडाच्या उंचीला टांगावी. खाली टाकलेला पाला शेळी खात नाही, तुडवते. तिचा तो स्वभावच आहे. सुबाभूळ चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको.

आता वाढ्यांविषयी, कारण हा आपल्या कारखान्याशी जोडलेला प्रश्न आहे. तोडणी चालू असते तोवर दारात वाढं फुकट येऊन पडतं, आणि चार महिने गाभण शेळ्या त्यावरच असतात. वाढ्यात ऑक्झलेट असतं. ते अंगातला कॅल्शियम बांधून टाकतं. गाभण शेळीला करडाच्या हाडांसाठी आणि पुढं दुधासाठी कॅल्शियमची दुप्पट गरज, आणि तिच्या पोटात जातं ते त्याच्या नेमकं उलट. मग व्यायल्यावर शेळी बसते ती उठत नाही, करडाचे पाय वाकडे पडतात, आणि घरातले कुणाची तरी नजर लागली म्हणतात. वाढं बंद करा असं आम्ही म्हणणार नाही, दुसरं आहे कुठं? पण कुट्टी करून त्यावर चुन्याची निवळी शिंपडावी, निम्मा पाला मिसळावा, आणि गोठ्यात क्षारांची वीट टांगावी. टोळ्या गेल्यावर वाढं एकदम बंद होतं तेव्हा चाराही एकदम बदलू नये. आठ दिवस थोडं थोडं करत बदलावा.

शिमगा-पाडव्याचं एक वेगळंच दुखणं आहे. उरलेल्या पुरणपोळ्या, भात, पीठ पोरं लाडानं शेळीपुढं ठेवतात. शेळीचं पोट पाल्याचं, धान्याचं नव्हे. शिजलेलं अन्न भरपूर खाल्लं की पोटात आंबतं, शेळी फुगते, दात खाते, दुसऱ्या दिवशी आडवी पडते. शाळू काढल्यावर धसकटाला जी कोवळी फूट येते तीही धोक्याची. तिनं किराळ लागते, आणि किराळ लागलेली शेळी डॉक्टर येईपर्यंत टिकेल याची खात्री नाही. काढलेल्या शाळवाच्या रानात शेळ्या सोडताना आधी फूट बघावी.

आणि युरिया. सुरू उसाला सहा ते आठ आठवड्यांनी युरिया द्यायचा तो याच दिवसांत. ठिबकवाले तो बादलीत कालवतात आणि बादली बांधावर ठेवून मोटारीकडं जातात. उन्हाची तहानलेली शेळी पाणी समजून तोंड घालते. तास-अर्ध्या तासात तोंडाला फेस, थरथर, पोटफुगी, आणि कारभार आटोपतो. रिकाम्या गोण्यासुद्धा न धुता गोठ्यात अंथरू नयेत. शेळी त्या चाटते. खत उसाला, पाणी शेळीला, यात गल्लत होऊ द्यायची नाही.

एवढं सांभाळून करडू तीन महिन्यांचं झालं की घरात खरा पेच उभा राहतो. वजन आठ-नऊ किलो झालेलं असतं. गावची जत्रा तोंडावर असते, कंदुरीला बोकड हवा असतो, आणि मोटारसायकलवरचा व्यापारी दारात येऊन उक्ती मागणी करतो. हातानं कमरेवर दाबून बघितल्यासारखं करायचं आणि आकडा टाकायचा. घरात शाळेचा खर्च दिसत असतो. कारभाऱ्याला वाटतं देऊन टाकावं, चारा वाचेल. बाईला वाटतं ठेवावं. पहाटेपासून रात्रीपर्यंत शेळ्यांचं सगळं तिनं केलेलं असतं, पण व्यवहाराच्या वेळी ती चहा टाकायला आत गेलेली असते. आम्हाला हे पटत नाही, आणि ते इथं स्पष्ट लिहिणं आम्ही आमचं काम समजतो. करडाचा हिशेब जिला ठाऊक आहे तिनं ओट्यावर बसलं पाहिजे. घरात ताणकाटा ठेवावा. पोत्याची झोळी करून करडू टांगलं की वजन कळतं, आणि वजन कळलं की उक्त्या व्यवहारातली निम्मी फसवणूक जाते.

ठेवलं तर काय होतं? साध्या पाल्यावर आणि थोड्या भरड्यावर तेच करडू वर्षाला वीस-पंचवीस किलोंचं होतं. म्हणजे जवळजवळ तिप्पट. पण नुसतं वजन वाढून भाव चढत नाही. तो चढतो गिऱ्हाइकामुळं, आणि सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक ईदेला देवनारला असतं.

तिथं गिऱ्हाईक काय बघतं हे आधी समजून घ्यावं. कुर्बानीच्या बकऱ्याला वर्ष पुरं झालेलं हवं, म्हणून घेणारा ओठ उचलून दात बघतो. दुधाचे दोन दात पडून पक्के आले असतील तर त्याचं समाधान होतं. हे दात साधारण तेरा-पंधरा महिन्यांत येतात. जनावर निर्दोष हवं. डोळा गेलेला, लंगडा, शिंग मुळापासून मोडलेला बकरा घेत नाहीत. कान कापलेलाही नको असतो. आपल्याकडं ओळखीसाठी करडाच्या कानाला कात्रीनं खाच मारण्याची सवय आहे. ती खाच वर्षानंतर दाम खाली आणते. ओळखीला गळ्यात दोरा बांधावा. शासनानं सक्तीचा केलेला बारा अंकी बिल्ला कानात मारून घ्यावा, त्याची अडचण होत नाही. खच्ची बकरा चालतो, उलट अंगानं भरलेला म्हणून आवडीनं घेतात.

आता तारखेचं गणित. मुसलमानी वर्ष चांद्र आहे आणि त्यात आपल्यासारखा अधिक महिना नाही, म्हणून ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं येते. 2024 साली ती 17 जूनला होती, 2025 साली 7 जूनला. पुढं मे महिन्यात सरकेल आणि 2030 च्या सुमारास एप्रिलच्या मध्यावर, म्हणजे ऐन चैत्रात येईल. याचा आपल्याला एक फायदा आहे. 2018 ला आणि 2019 ला ईद ऑगस्टमध्ये होती, म्हणजे भर पावसात. पावसात ट्रकमधून नेलेली जनावरं चिखलात उभी राहून आजारी पडतात. उन्हाळ्यात ते संकट नाही, मात्र पाण्याची सोय बघावी लागते. दुसरी बाजू अशी की फाल्गुनात जन्मलेलं करडू पुढच्या मे महिन्यातल्या ईदेला चौदा-पंधरा महिन्यांचं असेल, ते बरोबर बसतं. पण ईद एप्रिलच्या मध्यावर आली की त्याच करडाला जेमतेम तेरा महिने होतील आणि दात आलेले नसतील. तेव्हा ज्यांना या बाजाराला माल करायचा आहे त्यांनी शेळ्या दसऱ्याऐवजी श्रावणात फळवण्याची तयारी आतापासून ठेवावी, म्हणजे करडं पौषात येतील. पौषातल्या थंडीला मग आडोसा हवा, हेही ध्यानात घ्यावं.

सगळीच करडं देवनारच्या भरवशावर ठेवू नयेत. 2020 साली कोरोनात शासनानं जनावरांचे बाजार बंद ठेवले, खरेदी फोनवर किंवा ऑनलाइन करा म्हणून सांगितलं, आणि ज्यांनी वर्षभर फक्त ईदेसाठी बोकड राखले होते ते दारातच विकायची पाळी आली. चार बोकड असतील तर दोन राखावेत, एक जत्रेला द्यावा, एक अडीअडचणीला. पाटी मात्र विकू नयेत, त्याच पुढची दावण आहेत. नेताना एकट्यानं जाऊ नये. वस्तीवरच्या सहा-सात घरांनी मिळून एक टेम्पो करावा आणि आरोग्य दाखला आधी घ्यावा. चेंबूर-गोवंडीकडं आपली बरीच माणसं नोकरी-धंद्याला आहेत. त्यांच्याकडून दोन दिवस आधी भाव विचारून घ्यावा. भाव न विचारता गेलेला माणूस परतीच्या भाड्याच्या धास्तीनं पडेल त्या किमतीला विकून येतो.

करडं तीन महिन्यांची झाली की जंताचं औषध आणि पीपीआरची लस द्यावी. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी, मे महिन्यात टोचावी लागते, आणि पहिल्यांदा टोचताना दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा लागते. पहिल्या पावसाचं कोवळं गवत आलं की या रोगानं धष्टपुष्ट करडंच आधी जातात. ज्या सभासदांना लस हवी आहे त्यांनी शेळ्या आणि करडं वेगवेगळी मोजून आकडा आपल्या चिटबॉयकडं किंवा गट ऑफिसला अक्षय्य तृतीयेपर्यंत कळवावा. आकडा घरच्या बाईला विचारून लिहावा.