पेन्शनचा संप आणि आपले म्हातारपण

14 मार्च 2023 आठवतो? जुन्या पेन्शनसाठी सरकारी कर्मचारी सात दिवस संपावर होते. ऐन अवकाळीत पंचनामे रखडले, शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागला. पण तलाठी-ग्रामसेवकाला नावं ठेवण्याआधी हिशेब बघा. जुन्या योजनेत शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मे पेन्शन. 1 नोव्हेंबर 2005 पासून नोकरीला लागलेल्यांना ती नाकारली गेली. तुडीलचा पोरगा महाड एमआयडीसीत खपतो. त्याला काय? भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनला 15000 पगार धरला, 30 वर्षे भरली, तरी महिना 6857 रुपये! आणि नांगर धरणाऱ्याला? पासष्टी ओलांडून निराधार ठरला तर श्रावणबाळचे 1500. दुसऱ्याचे ओढून आपले वाढायचे नाही. ग्रामसभेत आपलाही ठराव मांडा.