पोर्टचे नाव आणि क्रमांक

काष्टीच्या बाजारात भेटलेल्या एका तरुण स्नेह्याने, दूध संकलन केंद्राच्या लिनक्स सर्व्हरवर हिशेबाच्या सेवेचे नाव रीतसर नोंदवूनही जोडणी का होत नाही, असे विचारले. हा प्रश्न अनेकांना पडतो, म्हणून लिहितो.

सर्व्हरवर ० ते ६५५३५ असे पोर्ट असून पहिले १०२४ सर्वपरिचित सेवांकरिता राखलेले आहेत. एचटीटीपीएसला ४४३, एसएसएचला २२. हा २२ क्रमांक फिनलंडच्या तातू इलोनेन यांनी १९९५ साली विनंतीपत्र पाठवून मिळविला, ही हकीकत मला अत्यंत प्रिय आहे.

'ईटीसी' फोल्डरमधील 'सर्व्हिसेस' ही फाइल म्हणजे केवळ दफ्तर: सेवेचे नाव, क्रमांक आणि टीसीपी वा यूडीपी एवढाच दाखला तीत असतो. त्या नोंदीने सेवा सुरू होत नाही, की फायरवॉलची परवानगी मिळत नाही. त्या दोन्ही तजविजी स्वतंत्रपणेच कराव्या लागतात.

नाव १५ अक्षरांच्या आत, रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता लिहावे. स्वतःच्या सेवेसाठी १०२४ च्या पुढचा क्रमांक घ्यावा. मात्र ३३०६ मायएसक्यूएलचा आहे, हे ध्यानी असावे.

शंका असल्यास फाइलमधील आपली ओळ खाली अवश्य लिहावी. पासवर्ड मात्र लिहू नये.